मधला आकडा

दादा गेले तेव्हा भेटायला आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस निघताना दाराशी घुटमळायचा आणि हलक्या आवाजात एकच गोष्ट विचारायचा. आता आकडा कोण सांगणार?

तोडकामाचा धंदा आकड्यावर चालतो. बंद पडलेला कारखाना, निकामी जहाज, ओस पडलेलं इस्पितळ, असं काही मोडीत निघालं की त्याचं टेंडर निघतं. धंदेवाल्यांना एक दिवस आत सोडतात. आत फिरायचं, लोखंड किती निघेल, तांबं किती निघेल ते नुसत्या नजरेने जोखायचं आणि बंद पाकिटात आपला भाव लिहून द्यायचा. ज्याचा भाव जास्त, माल त्याचा. भिंतीच्या पोटात काय आहे, जमिनीखाली काय आहे, हे तोडल्याशिवाय कुणालाच कळत नाही. कमी धरलं तर काम हातचं जातं. जास्त धरलं तर काम मिळतं आणि माणूस बुडतो. दादांनी सारी हयात या धंद्यात काढली आणि ते बुडाल्याचं बाजारात कुणाला आठवत नव्हतं. त्यामुळे बाजारात त्यांच्या नजरेविषयी काय वाटेल ते बोललं जायचं. दादा नुसता भिंतीला हात लावून आतली वायर मोजतात, इथपर्यंत मजल गेली होती.

दादांच्या बायकोला सगळेच वहिनी म्हणायचे. वहिनी हे सगळं ऐकायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. खरी पद्धत त्यांना माहीत होती, कारण त्यातलं निम्मं काम त्यांचंच होतं.

पाहणीच्या दिवशी दादा आपली सगळी माणसं बरोबर न्यायचे. मुकादम, लोखंड कापणारा गॅसवाला, क्रेनवाला, ट्रकचा ड्रायव्हर, वजनकाट्यावर बसणारा काटेवाला, आणि सगळ्यांचं जेवण करणारी मावशीसुद्धा. आत शिरल्यावर एकमेकांशी बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद असायची. ज्याने त्याने आपापलं फिरायचं. परत आल्यावर गोदामाच्या ऑफिसात वहिनी बसलेल्या असायच्या. एकेकाने आत जायचं, दार लोटायचं, आपला आकडा सांगायचा आणि बाहेर यायचं. शेवटी स्वतः दादा जायचे. मग वहिनी ते सातही आकडे मनातल्या मनात लहानापासून मोठ्यापर्यंत उभे करायच्या आणि बरोबर मधला तेवढा दादांना सांगायच्या. दादा त्यातून आणखी थोडं कमी करायचे आणि तो भाव पाकिटात जायचा. पुष्कळदा काम दुसऱ्यालाच मिळायचं. त्याचं दादांना कधी काही वाटलं नाही.

बाहेरच्यांना वाटायचं, मालक आपला माणसांची हौस करतो, त्यांना मान देतो; खरा आकडा त्याच्या डोक्यात आधीच पक्का असतो. धाकट्यालाही तसंच वाटायचं.

धाकटा म्हणजे दादांचा भाऊ, वयाने बराच लहान. आईवडील लवकर गेल्यामुळे दादा-वहिनींनीच त्याला वाढवलं. अंगाने दणकट, कामाला वाघ, पण पाहणीला तो कधी गेला नव्हता. पाहणीच्या दिवशी चालू असलेल्या कामावर कुणीतरी थांबायला हवं, म्हणून तो तिकडे असायचा. दादांच्या छातीत कळ आली आणि ते खुर्चीतल्या खुर्चीत गेले, तेव्हाही तो एका जुन्या पुलाच्या तुळया उतरवत होता. धंदा त्याच्या अंगावर पडला तो असा, काही विचारायला वेळ न ठेवता.

लगेचच नदीकाठच्या जुन्या वीजघराचं टेंडर निघालं. एवढं मोठं काम गेल्या कित्येक वर्षांत निघालं नव्हतं. धाकट्याने ठरवलं, हे घ्यायचंच.

पाहणीला तो सगळ्यांना घेऊन गेला. दादा करायचे तसंच करायचं, असं त्याच्या मनात होतं. वीजघर आतून एखाद्या रिकाम्या स्टेशनासारखं होतं. वरच्या फुटक्या काचांतून कबुतरं ये-जा करत होती. मोठी यंत्रं कधीच नेलेली. राहिले होते ते ट्रान्सफॉर्मर, पॅनेलं आणि जमिनीखालून गेलेले केबलचे चर. चरांवर लोखंडी झाकणं होती आणि आत पाणी तुंबलेलं होतं. सगळा प्रश्न त्या चरांचा होता. त्यात केबल भरलेली असेल तर सोनं होतं, नसेल तर नुसताच चिखल.

धाकटा हॉलच्या मधोमध उभा राहिला. त्याने चारी बाजूंना पाहिलं. मग भिंतीपाशी गेला, भिंतीला तळवा टेकवला आणि मोठ्याने म्हणाला, "चाळीस टन. तांबं चाळीस टनांच्या खाली निघणार नाही."

आवाज घुमला. माणसं इकडेतिकडे पांगायला निघाली होती, ती जागच्या जागी थांबली. गॅसवाल्याने मुकादमाकडे पाहिलं आणि मुकादमाने वर कबुतरांकडे.

"जा, तुम्हीही बघा," धाकटा म्हणाला. "नेहमीसारखं. आपापलं."

ते फिरले. नेहमीसारखं कुणीच फिरलं नाही.

दुपारी ऑफिसात वहिनी वाट पाहत बसल्या होत्या. दादांनंतर त्या पहिल्यांदाच त्या खुर्चीवर बसत होत्या. मुकादम आत आला, दार लोटलं आणि म्हणाला, "अडतीस." मग क्रेनवाला. "बेचाळीस." काटेवाला एकोणचाळीस म्हणाला. गॅसवाला पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत म्हणाला, "चाळीस." ड्रायव्हर दारातूनच "एक्केचाळीस" म्हणून वळला सुद्धा.

मावशी आली आणि समोरच्या स्टुलावर बसून घेतलं. "चाळीस धर गं."

"मावशी, तुम्हाला स्वतःला काय वाटलं?"

"मला काय वाटायचंय? पोरगं चाळीस म्हणतंय, तर चाळीस."

"म्हणतंय म्हणजे? कुठे म्हणालं?"

"तिथेच की. सगळ्यांच्या देखत. अगदी दादांसारखा भिंतीला हात लावून." मावशीने पदराने डोळे टिपले. "बघवत नव्हतं."

वहिनींनी सहाही आकडे पुन्हा मनात मांडून पाहिले. इतकी वर्षं त्यांनी आकडे ऐकले होते. माणसं वेगवेगळी तसे त्यांचे आकडेही वेगवेगळे असायचे. जुन्या जहाजाच्या वेळी गॅसवाल्याने नऊ सांगितले होते आणि क्रेनवाल्याने साठ. ड्रायव्हर कायम कमी धरायचा, कारण त्याला सगळीकडे चोरीच दिसायची. क्रेनवाला कायम जास्त धरायचा, कारण उंचावर बसून त्याला जगच मोठं दिसायचं. एकाची चूक दुसऱ्याच्या उलट्या चुकीने भरून निघायची आणि मधे काहीतरी शहाणपणाचं उरायचं. आज मधे काही उरलं नव्हतं. सहा जणांच्या तोंडून एकच माणूस बोलत होता.

शेवटी धाकटा आला. त्याने दादांचं जाकीट घातलं होतं. ते त्याला खांद्यात घट्ट होत होतं.

"माझा चाळीस," तो म्हणाला. "मधला किती आला, वहिनी?"

"चाळीस."

त्याचा चेहरा एकदम उजळला. दादा गेल्यापासून तो असा दिसला नव्हता. "म्हणजे जमलं मला," तो म्हणाला. "वहिनी, मला वाटत होतं मला हे कधीच जमणार नाही."

त्याच वेळी बोलायला हवं होतं. वहिनींनी तोंड उघडलंही. पण समोर जो उभा होता त्याला त्यांनी लहानपणी ताप आला की मांडीवर घेऊन रात्री काढल्या होत्या. त्याच्या चेहऱ्यावरचा तो उजेड आपल्या हाताने विझवायचा, हे त्यांच्याने झालं नाही. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी स्वतःशीही नीट कबूल केली नव्हती. धंदा आता त्याचा होता, घर त्याचं होतं. त्यांना कुणी एका शब्दाने दुखवलं नव्हतं, तरी आपण आता या घरात दुसऱ्याच्या भरवशावर आहोत, हे त्यांना ताटावर बसतानाही आठवायचं. त्या म्हणाल्या, "जेवून घ्या, भाऊजी. गार होतंय."

पाकिटं उघडायच्या दिवशी धाकट्याने आग्रह करून वहिनींना बरोबर नेलं. "दादांचं नाव लागतंय आज. तुम्ही नसलात तर काय अर्थ?"

सरकारी इमारतीतला तो एक लांबट हॉल होता. खुर्च्या एकमेकांना अडकवलेल्या, छताचा एक पंखा चालू आणि एक बंद. सगळे ओळखीचेच धंदेवाले होते. पहिल्या रांगेत चष्मेवाले काका बसले होते. दादांचे सगळ्यांत जुने प्रतिस्पर्धी. आयुष्यभर दोघांनी एकमेकांच्या तोंडचे घास पळवले आणि आयुष्यभर एकमेकांच्या घरी चहा प्याले.

अधिकाऱ्याने एकेक पाकीट फोडून भाव वाचायला सुरुवात केली. पहिला, दुसरा, तिसरा. आकडे एकमेकांना खेटून होते, थोडं इकडे थोडं तिकडे. चष्मेवाल्या काकांचा त्यातल्या त्यात वर होता. मग धाकट्याचं पाकीट आलं. अधिकाऱ्याने आकडा वाचला, थांबला, चष्मा सारखा केला आणि पुन्हा एकदा वाचला.

धाकट्याचा भाव काकांच्या दीडपट होता.

कुणी टाळी वाजवली नाही, कुणी चडफडलं नाही. एरवी हरलेले लोक पाय आपटत निघतात. आज ते सावकाश उठले, खुर्च्यांचा आवाज होऊ न देता. जाता जाता दोघातिघांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. दादा गेले तेव्हा याच लोकांनी अगदी असाच हात ठेवला होता.

"काय झालं यांना?" धाकटा म्हणाला. तो अजून हसत होता, पण हसू चेहऱ्यावर नुसतंच राहून गेलं होतं.

काका त्याच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. "पोरा, हा हॉल फार वाईट आहे बघ. आपण सहा जण त्याच वीजघरात फिरलो. कुणाला जास्त दिसलं, कुणाला कमी. खरं काय ते त्या सहांच्या मधे कुठेतरी असणार. आणि इथे माल कुणाला मिळतो? ज्याला सगळ्यांत जास्त दिसलं त्याला. म्हणजे जो सगळ्यांत जास्त चुकला त्याला. जिंकल्याबरोबर घाम फुटायला पाहिजे माणसाला."

"पण आमच्या सगळ्या माणसांचा आकडा तोच आला," धाकटा म्हणाला. "सातही जणांचा. विचारा वहिनींना."

काकांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान खाली घातली. काका उठले, काठी घेतली. "आठ दिवस आहेत पैसे भरायला," एवढंच म्हणून ते गेले.

परतताना दोघं ट्रकमध्ये बसले. धाकटा स्वतः चालवत होता. नदीवरचा पूल ओलांडल्यावर त्याने ट्रक कडेला घेतला आणि इंजिन बंद केलं.

"वहिनी, तुम्ही मान का खाली घातलीत?"

"भाऊजी..."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तो आकडा चूक आहे हे माहीत नव्हतं. तो सात जणांचा नाही, एवढं माहीत होतं. तुम्ही आधी बोललात. मग सगळे तुमच्या मागे आले."

"मग मला सांगितलं का नाही?" त्याने स्टीअरिंगवर हात आपटला. "दादांना सांगितलं असतं ना तुम्ही? दादा असते तर तुम्ही लगेच बोलला असतात!"

"दादांवर ही वेळच आली नसती."

"हो, कारण त्यांची नजर होती! माझी नाही, हेच ना? म्हणा की!"

वहिनी त्याच्याकडे वळल्या. त्यांचे डोळे कोरडे होते. "भाऊजी, तुमच्या दादांना कसलीही नजर नव्हती. ते सगळ्यांत शेवटी आत येऊन मला त्यांचा आकडा सांगायचे ना, तो बहुतेक वेळा सातांत सगळ्यात जास्त चुकलेला असायचा. तरुणपणी त्यांनी स्वतःच्या नजरेवर एक कारखाना घेतला होता. तुम्ही तेव्हा शाळेत जात नव्हता. माझे दागिने गेले, राहतं घर गेलं. तेव्हापासून ते सगळ्यांना विचारायला लागले. स्वतःचा आकडा त्यांनी माझ्याशिवाय कुणाला कधी सांगितला नाही. कारण त्यांना ठाऊक होतं, मालक बोलला की बाकीच्यांचे डोळे मिटतात."

धाकटा समोरच्या काचेतून बघत राहिला. रस्त्यावरून गाड्या जात होत्या आणि प्रत्येक गाडीसरशी ट्रक थोडा हलत होता.

"हे मला कुणीच का सांगितलं नाही?" तो शेवटी म्हणाला.

"त्यांना लाज वाटायची. लोक एवढं नाव घेतात, म्हणायचे, राहू दे. धंद्याला बरं असतं. आणि मी..." वहिनी थांबल्या. "तुम्ही त्या दिवशी खूश दिसलात. मला ते मोडवलं नाही. माझं चुकलं, भाऊजी. तुमच्यापेक्षा जास्त चुकलं."

गाडी सुरू करताना धाकट्याने दादांचं जाकीट काढून मधल्या सीटवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सगळ्यांना गोदामात बोलावलं. "वीजघर पुन्हा बघायला मिळणार नाही," तो म्हणाला. "पण त्या दिवशी तुम्ही जे बघितलंत ते डोक्यात असेल. मी काय म्हणालो ते विसरा. मी काहीच म्हणालो नाही असं समजा. तुम्हाला जे वाटलं होतं ते वहिनींना सांगा. मी बाहेर जातो. रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहतो, म्हणजे माझं तोंडही दिसायला नको."

आणि तो खरंच रस्ता ओलांडून गोदामाकडे पाठ करून समोरच्या भिंतीशी उभा राहिला. येणारे-जाणारे त्याच्याकडे वळून बघत होते.

एकेक जण आत गेला. ड्रायव्हर म्हणाला, "दहा. वहिनी, तिथल्या पहारेकऱ्यांशी मी बोलत बसलो होतो. एकेकाच्या पायात काय भारी बूट! पगारात येतात होय असले बूट? चर पोखरून खाल्लेत त्यांनी." गॅसवाला म्हणाला, "चौदा. एका झाकणावर पाय आपटला तर खालून पाण्याचा डुबुक आवाज आला. केबल भरलेली असती तर तसा आला नसता." काटेवाल्याने वीस सांगितले, मुकादमाने बावीस. मावशी पंचवीस म्हणाली आणि कारण विचारलं तर म्हणाली, असंच. क्रेनवाल्याने तीस सांगितले. त्याच्या मानाने ते फारच कमी होते.

"हे सगळं तेव्हाच का नाही सांगितलं?" वहिनींनी प्रत्येकाला विचारलं. उत्तरं थोड्याफार फरकाने सारखीच होती. मालक म्हणाले म्हणून. आपल्यालाच कळलं नसेल असं वाटलं म्हणून. क्रेनवाल्याचं उत्तर मात्र वेगळं होतं. तो म्हणाला, "मी साठच्या पुढे बोलणारा माणूस. मला तिथे तीसच दिसले तेव्हा मीच चमकलो. पण त्या भिंतीपाशी ते उभे होते ना, तेव्हा आकडा सांगून ते आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. वाटलं, आत्ता नाही म्हटलं तर हा माणूस इथेच खाली बसेल."

सगळ्यांत शेवटी धाकटा आला. समोरच्या स्टुलावर बसला. "अठ्ठावीस," तो म्हणाला. "हेही मी जरा जास्तच सांगतोय. मनाला पटत नाहीये."

वहिनींनी सात आकडे मनात उभे केले. मधला बावीस आला.

वीजघर घेतलं असतं तर गोदाम, घर, ट्रक सगळं विकूनही भागलं नसतं. धाकट्याने काम सोडायचं ठरवलं. टेंडरबरोबर भरलेली अनामत रक्कम बुडणार होती, आणि ती छोटी नव्हती. तो अधिकाऱ्यापुढे उभा राहिला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. अधिकाऱ्याने सही घेतली आणि वर न बघता म्हणाला, "तुमचे भाऊ इथे कधी असे आले नव्हते." धाकटा म्हणाला, "नाही. ते माझ्यापेक्षा शहाणे होते." बाहेर व्हरांड्यात येऊन तो भिंतीला टेकला. वहिनी बाकावर बसल्या होत्या. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली, तो घटाघटा प्यायला.

त्या खड्ड्यातून वर यायला क्रेन विकावी लागली. दादांनी ती जुनी घेऊन स्वतः रंगवली होती. घेणाऱ्याला क्रेन हवी होती आणि ती चालवणारा माणूसही हवा होता, कारण तिचे खोडसाळ गिअर दुसऱ्या कुणाच्या हाताला लागत नव्हते. क्रेनवाला विचारायला आला तेव्हा वहिनींनीच त्याला सांगितलं, "जा. इथे थांबून काय उचलणार? आम्हाला?" तो हसला नाही. ज्या दिवशी क्रेन गेली त्या दिवशी सगळे फाटकाशी उभे होते. क्रेनवाला उंच केबिनमध्ये बसला, समोर बघत, आणि वळणावर क्रेन दिसेनाशी होईपर्यंत त्याने एकदाही मागे पाहिलं नाही. धाकटा फाटक लावायला गेला आणि कडीला हात लावून तसाच उभा राहिला. मग त्याला रडू फुटलं. भावासाठी, क्रेनसाठी, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. मुकादमाने बाकीच्यांना खूण करून आत नेलं. वहिनी त्याच्याजवळ थांबल्या, त्याच्या पाठीवर हात फिरवत, तो शांत होईपर्यंत.

वीजघर नियमाप्रमाणे दुसऱ्या नंबरच्या भावाला गेलं, म्हणजे चष्मेवाल्या काकांना. पुढच्या आठवड्यात काका गोदामात आले, मावशीच्या हातचा चहा प्याले आणि म्हणाले, "माझी माणसं कमी पडतायत. तोडायला येतोस? रोजंदारीवर. तुझ्या सगळ्या लोकांना घेऊन."

धाकट्याला तो घास गिळणं जड गेलं. ज्या कामाचा मालक व्हायचं होतं तिथेच मजूर म्हणून जायचं. पण घरात बसून चालणार नव्हतं. "येतो," तो म्हणाला.

चर उघडायला पंधरवडा गेला. पंपाने पाणी उपसलं, झाकणं कापून काढली. पहिल्या चरात केबल होती, जाड, काळी, अंगठ्याएवढ्या तांब्याच्या दोऱ्यांची. काकांची माणसं शिट्ट्या वाजवायला लागली. दुसऱ्या चरातही होती. तिसऱ्यात उतरलेला गॅसवाला खालून ओरडला, "नुसतं कातडंच आहे हो!" केबलचं वरचं रबर जागच्या जागी होतं; कुणीतरी ते लांबलचक चिरून आतलं तांबं काढून नेलं होतं आणि रबर पुन्हा नीट पसरून ठेवलं होतं. पुढचे सगळे चर तसेच निघाले.

शेवटचा ट्रक काट्यावरून उतरला तेव्हा काका आणि धाकटा शेजारी शेजारी उभे होते. सगळं मिळून तांबं भरलं एकोणीस टन.

"मी चोवीस धरलं होतं," काका म्हणाले. "म्हणजे तू पळालास आणि खड्ड्यात मी पडलो. मरत नाही मी यात, पण चटका बसला."

"आमच्या सगळ्यांचा मधला बावीस होता," धाकटा म्हणाला.

"पहिल्यांदा की दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा."

काकांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "माझ्याकडे तेवढीही सोय नाही. माझी दोन पोरं आहेत, ती मी काय म्हणतो ते आधी कान देऊन ऐकतात आणि मग तेच मला परत सांगतात. मला बरं वाटतं." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "मजुरी उद्या घेऊन जा. पूर्ण देणार आहे, कापणार नाही."

त्यानंतर धाकट्याने मोठी कामं सोडली. लहान गोदामं, जुन्या शाळांची छपरं, पाण्याच्या टाक्या, एवढीच घ्यायला लागला. क्रेन लागली तर भाड्याने आणायचा. ड्रायव्हरही वर्षभरात दुसरीकडे गेला, तिथे त्याला पगार जास्त होता. मावशी मात्र राहिली. वर्षामागून वर्षं गेली तरी धंदा दादांच्या वेळेएवढा पुन्हा झाला नाही.

वहिनींनी एक गोष्ट ठरवून टाकली. एका टाकीच्या पाहणीला सगळे निघाले तेव्हा त्या चपला घालून ट्रकशी येऊन उभ्या राहिल्या. धाकट्याने विचारलं, "तुम्ही कुठे?"

"बघायला. माझाही एक आकडा धरा. इतकी वर्षं दुसऱ्यांचेच ऐकले."

"मग मधला कोण काढणार?"

"काटेवाला काढील. त्याला मोजायची सवय आहे."

धाकट्याने खाली उतरून त्यांना हात दिला आणि वर बसवलं. टाकीपाशी पोचल्यावर सगळे एकमेकांपासून दूर पांगले. वहिनी एकट्याच टाकीभोवती फिरल्या, गंजलेल्या पत्र्याला बोटांनी खरवडून पाहिलं, खाली वाकून टाकीचे पाय पाहिले. उन्हाने त्यांना घेरी येत होती. त्यांना काहीच कळत नव्हतं. तरी त्यांनी स्वतःशी एक आकडा ठरवला आणि तो कुणाला न सांगता, घट्ट तोंड मिटून, त्या ट्रककडे परत आल्या.